वरच्या मजल्याचा आवाज

"अपडेट पूर्ण होईपर्यंत बोर्डाचा वीजपुरवठा बंद करू नका," असं लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"काय म्हणालात?" बायकोने आतून विचारलं.

"कशाला हात लावू नकोस म्हणालो."

"मी कशाला हात लावतेय? मला इस्त्री करायचीय."

इस्त्रीचा आणि आपल्या गाण्याच्या बोर्डाचा काही संबंध येईल हे चष्मेवाल्यांच्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. त्यांचा एक डोळा पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या पट्टीवर होता आणि दोन्ही कान छताला लागलेले होते. छताच्या वरच्या अंगाला त्यांचे साडू राहत. साडू दातांचे डॉक्टर. त्या घटकेला साडूंकडे गाणं चालू होतं आणि ते ऐकायला चष्मेवाल्यांचे सासरे जाऊन बसले होते. खरं म्हणजे ते दोघांचेही सासरे. पण तसं म्हणायला चष्मेवाल्यांची जीभ रेटत नसे.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना तारखात्यात तारमास्तर होते. उभा जन्म त्यांनी तारयंत्राचं कडकट्ट ऐकण्यात घालवला होता, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. हल्ली त्यांना थोडं कमी ऐकू येत असे, पण ते त्यांना कोणी सांगत नसे आणि सांगितलं तरी ऐकू जात नसे. त्यांना तीन मुली. थोरली चष्म्याच्या दुकानदाराला दिली, मधली दातांच्या डॉक्टरला, आणि धाकटी बँकेतली नोकरी सांभाळून वडिलांबरोबर चार गल्ल्या पलीकडे राहत होती. 'चष्मेवाले' आणि 'दातवाले' ही जावयांची नावं नानांनीच ठेवलेली. फरक एवढाच की बाहेरचे लोक दातवाल्यांना डॉक्टर म्हणत आणि चष्मेवाल्यांना चष्मेवालेच म्हणत.

चष्मेवाल्यांना साडूंबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती, हीच त्यांची मोठी तक्रार होती. दातवाले स्वभावाने देवमाणूस. कुणाचं अडलं की धावून जाणारे. चष्मेवाल्यांच्या घरातलं इंटरनेटसुद्धा वरून यायचं. "वेगळं कशाला घेता, साडूभाऊ? आमचंच वापरा की," म्हणून दातवाल्यांनी स्वतः खाली येऊन पासवर्ड देऊन टाकला होता. चष्मेवाल्यांना या मोठ्या मनाचा भयंकर त्रास होई. माणूस कवडीचुंबक असता तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

तरी एक गोष्ट चष्मेवाल्यांच्या हक्काची होती. दर रविवारी नाना आधी त्यांच्याकडे येत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, चहा घेत, वर्तमानपत्रातली एकेक बातमी वाचून तिच्यावर सासरे-जावई मिळून तोंडसुख घेत. दोन तास कसे जात ते कळत नसे. वर जाणं म्हणजे निघताना पाच मिनिटं, दार उघडून "बरं आहे ना?" म्हणण्यापुरतं.

आणि मग दातवाल्यांनी ते यंत्र आणलं.

यंत्र म्हणजे दिसायला काही नव्हतं. वहीएवढं एक हिरवं बोर्ड, त्याला वायरी, आणि वायरींच्या टोकाला दोन स्पीकर. त्याला फिरवायची बटणं नव्हती. आवाज कमी-जास्त करायचा, जाड करायचा की बारीक, सगळं कॉम्प्युटरवरून. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची एक रांग दिसे. डावीकडच्या पट्ट्या ढोलासारख्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. बोटाने पट्टी वर-खाली केली की तसा आवाज बदले. नानांनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि खाली येऊन चष्मेवाल्यांना सांगितलं, "दातवाल्यांकडे गायक श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो हो."

"इथं नाही का ऐकू येत?" चष्मेवाल्यांनी आपल्या जुन्या रेडिओकडे बघत विचारलं.

"इथं गायकच ऐकू येत नाही."

पुढच्या रविवारपासून नाना गुडघे धरत धरत थेट वर जाऊ लागले. चष्मेवाल्यांच्या दारावरून जाताना त्यांची पावलं थांबतील म्हणून चष्मेवाले दार किलकिलं ठेवून बसत. पावलं थांबत नसत. चष्मेवाल्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी त्याच कंपनीचं, दातवाल्यांच्याहून एक नंबर पुढचं बोर्ड मागवलं, स्पीकर आणले, दोन दिवस दुकान उशिरा उघडून जोडाजोड केली. वाजलंही ते झकास. पण नानांना काही ते खाली खेचू शकलं नाही. "आहे की छान. दातवाल्यांसारखंच आहे," एवढं बोलून नाना वर गेले. 'सारखंच' हा शब्द चष्मेवाल्यांच्या नाकाला मिरचीसारखा झोंबला.

तेवढ्यात त्यांना कळलं की या बोर्डाच्या आतल्या आणि कॉम्प्युटरवरच्या, दोन्ही प्रोग्रॅमचं नवीन व्हर्जन आलंय आणि दातवाल्यांनी ते अजून घातलेलं नाही. दातवाल्यांकडे जुनं आहे, हे वाक्य चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी घोळवलं. आजवर त्या घरात दातवाल्यांकडे जुनं असं काही नव्हतंच. नवीन व्हर्जन घालायचं, आवाज चढवायचा, आणि नाना जिना उतरताना दारातच त्यांना खुर्चीत ओढायचं, असा बेत होता.

हिरवी पट्टी शेवटाला आली होती. एवढ्यात बायको इस्त्री घेऊन बाहेर आली, भिंतीजवळ वाकली आणि सरळ झाली. बोर्डावरचा निळा दिवा विझला.

"हे काय केलंस?"

"इस्त्री लावली."

"तिथं बोर्डाचा प्लग होता. सांगितलं होतं ना, बंद करू नकोस म्हणून?"

"बंद कुठे केलं? नुसता काढला."

चष्मेवाल्यांनी प्लग पुन्हा लावला. दिवा लागला नाही. वायर काढून घातली, बोर्डाला हळूच टिचकी मारली, दोन शब्द गोडीचे बोलून पाहिले. बोर्ड गप्प. मग त्यांनी लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. थोडा वेळ पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि मग अक्षरं आली: "बोर्ड सापडलं. जोडणी झाली."

चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पट्ट्यांची रांग पडद्यावर झळकली. दिवा गेला असेल, बोर्ड जिवंत आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, फोन वायरीने बोर्डाला जोडून एक गाणं लावलं आणि आवाजाची पट्टी जराशी वर सरकवली. स्पीकरमधून काही आलं नाही. आणखी थोडी सरकवली. काही नाही. वैतागून त्यांनी पट्टी पार टोकाला नेली.

वरच्या मजल्यावर आभाळ फाटलं. छतावरचा पंखा थरथरला, कपाटातल्या बशा किणकिणल्या, आणि वरून मेहुणीची किंकाळी आणि काहीतरी फुटल्याचा आवाज एकदमच आला. दचकून चष्मेवाल्यांनी पट्टी खाली ओढली. वर शांतता झाली. त्यांनी घाबरत घाबरत पट्टी किंचित वर केली. वर गाणं किंचित मोठं झालं. खाली केली. लहान झालं.

त्यांच्या कपाळावर घाम आला. डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. दोन्ही बोर्डं एकाच वाय-फायवर होती. दोन्हींची कारखान्यातली नावं सारखीच. त्यातलं खालचं इस्त्रीने मारलं होतं, म्हणून लॅपटॉपने शोधाशोध करून जिवंत होतं त्याचा हात धरला. दातवाल्यांनी आपल्या बोर्डाला ना वेगळं नाव दिलं होतं, ना पासवर्डाचं कुलूप लावलं होतं. देवमाणसं कुलपं लावत नाहीत.

आता हे सगळं वर जाऊन सांगायचं आणि माफी मागायची, असं चष्मेवाल्यांनी खरोखर ठरवलं होतं. ते चपला घालून दारापर्यंत गेलेही. दार उघडलं तर समोर नाना. सदऱ्याच्या पुढच्या भागावर चहाचा मोठा डाग.

"दातवाल्यांचं यंत्र आज पिसाळलंय," नाना म्हणाले. "कप उडाला हातातून. मी आपला इथेच बसतो. चहा टाकायला सांगा."

आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. चष्मेवाल्यांनी चपला काढल्या.

थोड्या वेळाने दातवाले स्वतः खाली आले. नानांची दहादा क्षमा मागितली. "व्होल्टेजचा घोटाळा असावा," ते म्हणाले. "तुमच्याकडे काही झालं नाही ना, साडूभाऊ? तुमचं बोर्ड कसं आहे?"

"अपडेट चालू आहे," चष्मेवाले म्हणाले.

"असं होय. होऊ दे, होऊ दे. सावकाश होऊ दे."

त्या रविवारी नाना जेवायची वेळ टळेपर्यंत खाली बसले होते. वर्तमानपत्र संपलं तेव्हा त्यांनी जाहिराती वाचायला घेतल्या. चष्मेवाले इतके दिवस ज्या सुखाला मुकले होते ते असं आयतं घरी चालून आलं होतं. आणि एकदा चालून आलेलं सुख पुढच्या रविवारी पुन्हा जिना चढून वर जाणार, या विचाराने त्यांना आठवडाभर चैन पडेना.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला. नुसतं बघायला. पट्ट्यांची रांग समोर आली. सगळ्यात उजवीकडची, सगळ्यात बारीक आवाजाची पट्टी त्यांनी केसभर खाली ओढली. केसभराने काय होतंय, असं म्हणून शेजारचीही ओढली. वर गाणं चालूच होतं. कुणी काही बोललं नाही. रविवारी नाना वर गेले ते वरच रमले. सोमवारी आणखी केसभर. बुधवारी आणखी. चष्म्याचा नंबर वाढवताना गिऱ्हाइकाला कळू नये इतक्या बेताने भिंग बदलायची त्यांच्या हाताला सवय होती. ती अशी कामी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दातवाल्यांना यातलं काही दिसायचं कारण नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम जुना. तो त्यांनी स्वतः पूर्वी लावलेल्या पट्ट्यांचं चित्र दाखवी, पण बोर्डाच्या पोटात आता काय आहे ते बोर्डाला विचारतच नसे. विचारायची सोय नवीन व्हर्जनमध्ये होती. आणि नवीन व्हर्जन फक्त चष्मेवाल्यांकडे होतं. या एका वाक्यावर ते दिवसच्या दिवस काढत.

पुढच्या रविवारी नाना वर जाऊन लवकर खाली आले. "गायकाच्या तोंडावर कुणी उशी धरलीय का?" ते म्हणाले. "एक अक्षर कळत नाही." त्याच्या पुढच्या रविवारी ते वर गेलेच नाहीत.

"तुम्ही हल्ली वर गाणं सुरू झालं की लॅपटॉप घेऊन का बसता?" बायकोने विचारलं.

"मेल बघतो."

"चष्म्याच्या दुकानाला मेल कोण पाठवतं?"

"कंपन्या पाठवतात. फ्रेमवाल्या."

बायकोने नवऱ्याकडे असं काही बघितलं की चष्मेवाल्यांना आपल्या कपाळावर पट्ट्यांची रांग उमटलीय की काय असं वाटलं.

मग एका दुपारी दातवाले दुकानात आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दातवाल्यांनी काचेचं दार लावून घेतलं आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसले. समोरच्या तक्त्यावरची मोठी-लहान अक्षरं ते नुसतीच बघत राहिले.

"डोळ्यांना काही होतंय का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"डोळ्यांना नाही. साडूभाऊ, कुणाला बोलू नका. माझे कान गेले."

चष्मेवाल्यांच्या हातातलं फडकं भिंगावर फिरता फिरता थांबलं.

"दात कोरायचं मशीन कानाशी किरकिरतं ना रोज," दातवाले म्हणाले. "इतकी वर्षं झाली. म्हणतात होतं असं. आधी वाटलं, यंत्र बिघडलं. कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळ्या पट्ट्या जागच्या जागी. स्पीकर उघडले, वायरी बदलल्या. सगळं ठीक आहे. म्हणजे मीच बिघडलोय. गाण्यातलं बारीक असं काही ऐकूच येत नाही. घुंगरू वाजले तर पोत्यात वाजल्यासारखे वाटतात. हिला विचारलं तर म्हणते, मला तर काही फरक वाटत नाही. माझं मन राखतेय बिचारी."

"अहो, पण..."

"काल खुर्चीत पेशंट होता. त्याचं दुखलं आणि तो हळूच कण्हला, तर मला ऐकू येईल का? या विचाराने माझा हात थरथरला. पेशंटला घरी पाठवून दिलं मी." दातवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो चष्माही याच दुकानातला होता. "तर मी असं ठरवलंय की ते बोर्ड तुम्ही घेऊन जा. स्पीकरसुद्धा. तुमचं बिचारं अजून अपडेटच होतंय. चांगली वस्तू चांगल्या कानाच्या माणसाकडे असावी."

ज्या वस्तूसाठी चष्मेवाल्यांनी इतके दिवस दात-ओठ खाल्ले, ती वस्तू माणूस ताटात वाढून देत होता.

"नाना तुमच्याकडे बसतात ते बरंच आहे," दातवाले पुढे म्हणाले. "खरं सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. माझ्याकडे यायचे ते पाच मिनिटं, दारातल्या दारात. आणि तुमच्याकडे तासन् तास. खालून तुम्हा दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा वर. आम्ही नवरा-बायको गप्प बसून ऐकायचो. म्हणून तर ते यंत्र आणलं मी. पण तेव्हाही ते गाणं ऐकायला आले हो. माझ्याशी बोलायला नाही आले."

चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या स्टुलावर खाली बसले. आपल्याबद्दल कुणाच्या पोटात दुखू शकतं, ही गोष्ट त्यांना सर्वस्वी नवीन होती. एकीकडे ती ऐकून छाती भरून येत होती आणि दुसरीकडे आपण या माणसाचं काय केलं, या विचाराने तीच छाती दडपत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

"साडूभाऊ, तुमच्या कानांना काही झालेलं नाही. मी केलंय ते सगळं. खालून. लॅपटॉपवरून."

दातवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचे डोळे पाणावले. मग ते उठले आणि त्यांनी चष्मेवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती चांगले आहात हो तुम्ही," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून एवढं अंगावर घेताय."

"अंगावर घेत नाही. खरंच सांगतोय. दोन्ही बोर्डं एकाच वाय-फायवर आहेत, दोन्हींची नावं एकच, त्यामुळे माझ्या लॅपटॉपला तुमचं बोर्ड सापडतं. उजवीकडच्या पट्ट्या मी रोज थोड्या थोड्या..."

"साडूभाऊ." दातवाले हसले. फार मायेने हसले. "तुमच्या दुकानातलं कार्डाचं मशीन अडलं की तुम्ही मला फोन करता. कशाचं बटण दाबायचं म्हणून."

"ते वेगळं."

"फोनवरचं घड्याळ मागं पडलं तेव्हाही मीच नीट करून दिलं. राग मानू नका. पण ज्याला स्वतःचं बोर्ड चालू करता येत नाही, तो माझं बोर्ड खाली बसून कसं चालवेल?"

आयुष्यात एकदाच चष्मेवाले साडूंच्या वरचढ ठरले होते आणि साडू ते मान्य करायला तयार नव्हते. दातवाले त्यांचा खांदा थोपटून गेले. चष्मेवाले दुकानात एकटेच बसून राहिले. अपराधाची लाज वाटत होती, आणि तो अपराध आपल्याला जमणारच नाही असं मानलं गेल्याचा अपमान त्याहून जास्त वाटत होता.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन लॅपटॉप उघडला. उजवीकडच्या पट्ट्या आधी कुठे होत्या ते आठवेना. केसाकेसाने खाली आणल्या होत्या, किती केस ते कुणी मोजलं होतं? शेवटी कोपऱ्यात 'मूळ स्थितीवर आणा' असं एक बटण दिसलं. देवाचं नाव घेऊन त्यांनी ते दाबलं. सगळ्या पट्ट्या एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारख्या सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी लॅपटॉप मिटला, उचलून कपाटात, चादरींच्या खाली ठेवला आणि दातवाले परत येण्याची वाट बघत बसले.

दातवाल्यांना यायला बराच वेळ लागला. ते आल्यावर वर गाणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. मग जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज. चष्मेवाल्यांनी दार उघडलं.

"साडूभाऊ, ऐकू आलं," दातवाले धापा टाकत म्हणाले. "इतकं स्वच्छ तर मला यंत्र आणलं त्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं."

ते अगदी खरं होतं. दातवाल्यांनी आपल्या हाताने लावलेल्या पट्ट्या मुळातच वेड्यावाकड्या होत्या. मूळ स्थिती त्यांनी आजवर कधी ऐकलीच नव्हती.

"बघा, मी म्हणालो होतो ना," चष्मेवाले म्हणाले. "मीच आत्ता..."

"तुमच्याकडून निघालो तो तडक कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. नवीन आलेत, कोपऱ्यावर. त्यांनी नुसती पिचकारी मारली. वाटाण्याएवढा मळ निघाला. माणूस नाही, जादूगार आहे तो."

"अहो, पण बोर्डाच्या पट्ट्या..."

"बोर्ड तेच आहे, साडूभाऊ. कान नवीन आहेत."

पुढचे आठ दिवस दातवाले भेटेल त्याला कानाच्या डॉक्टरांची स्तुती ऐकवत होते. दात दाखवायला आलेल्या पेशंटलाही "एकदा कान बघून घ्या" म्हणत होते. चष्मेवाल्यांनी बिघाड केला तो कुणी मानला नाही, दुरुस्ती केली तिचं श्रेय पिचकारीला गेलं. ते मुकाट्याने मान डोलवत राहिले. एक बरं झालं, की दातवाल्यांचा हात पुन्हा स्थिर झाला आणि त्यांच्या पेशंटांच्या दाढा वाचल्या.

दातवाल्यांच्या आग्रहाने धाकटी नानांनाही तिथं घेऊन गेली. नानांच्या कानांतून काय निघालं ते कुणी सांगितलं नाही, पण रविवारी ते आले ते दारातूनच म्हणाले, "केवढ्याने बोलता तुम्ही लोक." अर्धा चहा घेतला आणि वर गेले. वर जाऊन म्हणाले, "केवढ्याने लावता हे." आणि जिना उतरून निघालेही. बाहेर धाकटी थांबली होती.

"नाना, आज वर्तमानपत्र?" चष्मेवाल्यांनी खिडकीतून विचारलं.

"आज नाही. कानवाल्यांनी बोलावलंय."

कानवाले. चष्मेवाल्यांच्या कानाला तो शब्द खटकला. नाना असं नाव बाहेरच्या माणसाला ठेवत नसत.

त्यानंतर नाना येईनासेच झाले. धाकटीकडून बातम्या मात्र येत. कानवाल्यांकडे एक खोली आहे, तिच्यात बाहेरचा आवाज येत नाही. तिथं नानांच्या कानाला काहीतरी लावतात आणि कॉम्प्युटरवरून बारीक बारीक टूं-टूं ऐकवतात. नाना म्हणतात, तारखात्यातून निवृत्त झाल्यापासून इतकं चांगलं काही ऐकलं नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी त्या टूं-टूंचा तारेच्या भाषेत निरोप लावून कानवाल्यांना वाचून दाखवला. कानवाले इतके हसले की पुढचे पेशंट खोळंबले.

"माणसाचे कान इतक्या वेळा तपासावे लागतात?" चष्मेवाल्यांनी बायकोला विचारलं.

"नानांचे कान पहिल्याच दिवशी झाले नीट," बायको पोळपाट पुसत म्हणाली. "आता तपासणी धाकटीची चाललीय. कानवाल्यांचं अजून लग्न व्हायचंय."

"म्हणजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाना काल म्हणाले," बायको हसू दाबत म्हणाली, "डोळे झाले, दात झाले, कानच तेवढे राहिले होते."

त्या रविवारी सकाळी चष्मेवाल्यांच्या दारावर टकटक झाली. ते लगबगीने उठले, पण दारात नाना नव्हते, दातवाले होते. वर गाणं चालू नव्हतं. दातवाले आत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. चष्मेवाल्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. दातवाल्यांनी ते घेतलं, पण उघडलं नाही.

"ऐकलंत ना?" दातवाले म्हणाले.

"ऐकलं."

"लग्न ठरलं ते ठरलं, जागासुद्धा बघितली त्यांनी. आमच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे ना, तो. धाकटी म्हणाली, दोघी बहिणींच्या जवळ राहता येईल. नाना त्यांच्याचकडे राहायला येणार. ती टूं-टूंची एक खोली घरातही करणार आहेत म्हणे."

"तुमच्या वर?"

"अगदी माझ्या डोक्यावर."

चष्मेवाल्यांनी साडूंचा चेहरा नीट पाहिला. गेली कित्येक वर्षं सकाळी दाढी करताना आरशात जो चेहरा ते बघत आले होते, तो आज त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला होता. त्यांना एकाएकी या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

"पिचकारी मारली म्हणजे काय मोठं केलं हो?" दातवाले म्हणाले. "कुणीही मारेल."

"कुणीही," चष्मेवाले म्हणाले. "तुमच्या यंत्राच्या आवाजाला मात्र तोड नाही. मी कधी बोललो नाही, पण नाही."

"तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"अगदी मनापासून."

दातवाल्यांनी मान डोलावली. मग ते आवाज खाली आणून, खुर्ची थोडी पुढे सरकवून म्हणाले, "साडूभाऊ, त्या दिवशी दुकानात तुम्ही काहीतरी सांगत होतात. दोन यंत्रं एकाच वाय-फायवर असली, तर खाली बसून वरचं चालवता येतं म्हणून. ते खरंच येतं का हो?"

"येतं," चष्मेवाले म्हणाले. "पण त्यासाठी कानवाल्यांचं टूं-टूंचं मशीन आपल्या वाय-फायवर असायला हवं. ते कुठलं असायला?"

"त्याची काळजी नको," दातवाले म्हणाले. "वेगळं कशाला घेता, आमचंच वापरा, असं मी त्यांना कालच सांगून आलोय."

चष्मेवाल्यांनी स्वयंपाकघराकडे बघून दोन चहा टाकायला सांगितले आणि चादरींच्या खालून लॅपटॉप काढायला आत गेले.